उलटा डोंगर

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो, पण तुमच्या वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशासारखा मला वरून खाली पाहू लागलात, तर तुमची फसगत होईल. मला तळापासून वर वाचायचे असते. डाव्या कोपऱ्यात अगदी खाली एक वेस काढलेली आहे. तिच्यावर बोट ठेवायचे आणि चालू लागायचे.

माझ्यात देश नाहीत, समुद्र नाहीत, रंगीबेरंगी प्रांत नाहीत. माझ्यात फक्त एक रस्ता आहे, एकसष्ट मैलांचा. एवढा लांबलचक रस्ता एका कागदावर मावायचा कसा? म्हणून त्याचे सात तुकडे केले आणि सात उभ्या पट्ट्यांत शेजारी शेजारी मांडले. पहिली पट्टी वर संपली की दुसरीच्या तळाशी यायचे आणि पुन्हा वर निघायचे. रस्त्यावरून चालताना दोन्ही हातांना जे दिसते, तेवढेच माझ्यात आहे. लहान गावाला तीन घरे, मोठ्या गावाला नऊ घरे आणि एक मनोरा. दगडी पुलाला कमान, लाकडी पुलाला नुसत्या दोन काड्या. कुंपण असलेल्या रस्त्याला सलग रेघ, उघड्या माळावरच्या रस्त्याला तुटक. दर मैलाला एक टिंब आणि टिंबाशेजारी आकडा. त्याच्या पलीकडे जग आहे की नाही, याची मला कितीतरी दिवस खबरच नव्हती.

आणखी एक गंमत सांगतो. माझ्यातला रस्ता कधी वळत नाही. खरा रस्ता वळतो हो, चांगला वळसे घेत जातो. पण माझ्या पट्ट्या अरुंद, तिथे वळायला जागा कुठे? मग आमच्या लोकांनी युक्ती काढली. रस्ता सरळ ठेवायचा आणि उत्तर दिशेलाच फिरवायचे. माझ्या प्रत्येक पट्टीत उत्तर दाखवणारा एक बाण आहे. पहिल्या पट्टीत तो वर बघतो, दुसरीत आडवा पडतो आणि तिसरीत चक्क खाली मान घालतो. दिशांना असे नाचवतो म्हणून तरुणपणी मला फार तोरा होता. हा बाण तेवढा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

मला जन्माला घातले एका बापलेकीने. बापाला सगळे चाकवाले आबा म्हणत, कारण त्यांचा सारा जन्म एका चाकामागे चालण्यात गेला होता. कमरेइतके उंच लाकडी चाक, त्याला दांडा आणि दांड्यापाशी एक घंटी. चाक ढकलत चालायचे. ठरलेल्या फेऱ्या झाल्या की घंटी वाजायची, म्हणजे एक मैल झाला. घंटी वाजली की आबा ओरडून आकडा सांगत आणि गळ्यात पाटी अडकवून मागून येणारी त्यांची लेक टिंब काढी. तिला सगळे ताई म्हणत. मीही ताईच म्हणतो.

तेराव्या मैलाजवळ आबांच्या मागे कुत्रा लागला. आबा चाकासकट शेतात घुसले, बांधावरून उड्या मारत पळाले आणि कुत्र्याचा राग शांत झाल्यावर चिखलाने माखून परत आले. हसून हसून ताईच्या डोळ्यांतून पाणी आले. आबांनी मात्र चाक उलटे फिरवले आणि बाराव्या टिंबाकडे परत निघाले.

"अहो आबा, पन्नासेक पावलांनी असं काय बिघडतंय?"

"कुत्रा मागे लागला म्हणून मैल लांबत नाही, पोरी. चल मागे."

माझ्यावरचा तेरावा आकडा असा दोनदा चालून मिळवलेला आहे. म्हणून तो मला सगळ्यांत लाडका.

या दोघांचे एकाच गोष्टीवरून वाजले. रस्त्यात चढ आला की आबा 'चढ' असे लिहायला सांगत आणि उतार आला की 'उतार'. ताईला ते पटेना.

"आबा, गाड्या हाकणाऱ्यांपैकी किती जणांना वाचता येतं?"

"शंभरात दोघांना येत असेल."

"मग अक्षरं कुणासाठी लिहायची? आपण डोंगराचं चित्र काढू. चढ असला की डोंगर सुलटा. उतार असला की उलटा, शेंडा खाली. बघणारा तळापासून वर येतोय ना? डोंगर डोक्यावर उभा दिसला की त्याला कळेल, आता खाली जायचंय."

"उलटा डोंगर? लोक हसतील आपल्याला."

"हसू देत की. पण हसायला थांबतील."

आबांनी थोडा वेळ नाक मुरडले आणि मग गुपचूप मान डोलावली. पहिल्या सव्वीस मैलांत चार चढ लागले, चार सुलटे डोंगर काढून झाले. सत्ताविसाव्या मैलाला रस्ता दाट झाडीत शिरला, एक वळण आले आणि वळणापुढे पायाखालची जमीन एकदम खाली गेली. आबांना चाक मागून दोर बांधून धरावे लागले. ते हातातून सुटले असते तर दरीतल्या ओढ्यातच सापडले असते. ताईने तिथे पाचवा डोंगर काढला, आधीच्या चारांपेक्षा मोठा, शेंडा खाली. त्यापुढचा रस्ता खोऱ्यातून सपाट जात होता.

मग माझे चित्र कोरीवकाकांकडे गेले. कोरीवकाका तांब्याच्या पत्र्यावर नकाशे कोरत. पत्र्यावर सगळे आरशातल्यासारखे कोरावे लागते, उजवे ते डावे आणि डावे ते उजवे. तेव्हाच कागदावर ते सरळ उमटते. तीस वर्षे हेच केल्यामुळे कोरीवकाकांना उलट्या गोष्टी सुलट करायची सवयच जडली होती. त्यांनी चार डोंगर कोरले. पाचव्यापाशी आले तर तो डोक्यावर उभा. त्यांना वाटले, बिचारीने चालता चालता पाटी उलटी धरली असणार. आबांना कळले तर उगाच तिला बोलणी बसतील. म्हणून त्यांनी कुणाला काही न सांगता डोंगर सुलटा करून कोरला आणि मुलीची चूक झाकली या समाधानात संध्याकाळी घरी गेले. मित्रांनो, इतका प्रेमळ माणूस मी दुसरा पाहिलेला नाही आणि त्यानेच माझ्या अंगावर खोटे कोरून ठेवले.

पहिला कागद छापून निघाला तो मी. ओलसर, शाईच्या वासाचा. ताईने मला डोळ्यांत तेल घालून तपासले. वही उघडून एकसष्टच्या एकसष्ट आकडे पडताळले, गावांची घरे मोजली, पुलांच्या कमानी पाहिल्या. डोंगर तिने पाहिले, पण तपासले नाहीत. ते तर तिचेच होते. स्वतःचे मूल कोण ओळखपाळख विचारून घरात घेते?

त्याच संध्याकाळी छापखान्यात एक गाडीवान आला. त्याचे नाव काहीही असो, सगळे त्याला दमानेमामा म्हणत, कारण घोड्यांना, माणसांना आणि गरम चहालाही तो एकच सांगे, "दमानं घ्या, दमानं." उजाडताच तो चार घोड्यांची गाडी घेऊन निघणार होता. गाडीत पिठाच्या गिरणीचे दोन नवे दगड होते, एकेक दगड गाडीच्या चाकाएवढा. एकसष्टाव्या मैलावरच्या गावात ते पोहोचवायचे होते. मामांचा सारा जन्म इतर रस्त्यांवर गाडी हाकण्यात गेलेला, या रस्त्याने ते कधी गेलेले नव्हते.

"पण मला अक्षर येत नाही हो," ते म्हणाले.

ताईचा चेहरा फुलला. अशाच माणसासाठी तर तिने हे सारे केले होते. मी ओला होतो, मला हात लावायचा नव्हता, म्हणून तिने खडूने टेबलावरच दोन डोंगर काढले.

"हे बघा मामा. सुलटा डोंगर दिसला की चढ."

"म्हणजे सपाटीवरच घोडे जरा दामटायचे, जोरात असले की चढ सोपा जातो."

"आणि उलटा दिसला की?"

"उतार. म्हणजे आधी थांबायचं. मागचं चाक साखळीनं बांधायचं, म्हणजे ते फिरणार नाही, नुसतं घासत जाईल. मग उतरायचं. दमानं."

"आणि ही विहीर दिसली की घोड्यांना पाणी दाखवायचं."

मामांनी सगळे बोटांवर दोनदा म्हणून दाखवले. मग टेबलावरच्या खडूच्या डोंगरांकडे बघत म्हणाले, "अक्षर माझ्या ओळखीचं नाही, पण डोंगर आहे बरं का."

मी वाळल्यावर त्यांनी माझ्या चार घड्या केल्या आणि मला बंडीच्या खिशात ठेवले. त्या घड्या अजून माझ्या अंगावर आहेत.

पहिला दिवस माझा फार सुखात गेला. मामा दर मैलाला मला उघडत आणि टिंबावर बोट ठेवत. "पूल येणार, दगडी," म्हणत आणि दगडी पूल येई. "आता सुलटा डोंगर," म्हणत, घोडे दामटत आणि गाडी चढ चढून जाई. दर खेपेला ते माझ्यावर थोपटत. मला वाटे, आपल्यासारखे शहाणे आपणच. मला काय ठाऊक, मित्रांनो? नकाशाला रस्ता माहीत नसतो, त्याला फक्त त्याच्या अंगावरच्या रेघा माहीत असतात.

इकडे छापखान्यात माझी बाकीची भावंडे दोरीवर वाळत होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच ताई त्यांना उतरवायला गेली. कागद खालच्या कडेने चिमट्यात धरून टांगलेले होते, म्हणजे सगळेच डोके खाली, पाय वर. घरे उलटी, मनोरे उलटे. ताई सहज बघू लागली, आपला उलटा डोंगर आता कसा सुलटा दिसत असेल. तिने शोधला. पाचही डोंगर उलटेच होते. तिने पुन्हा मोजले. म्हणजे पाचवाही सुलटाच छापला गेला होता.

"आबा! मामा गेले ना?"

"काल पहाटेच गेला की. काय झालं?"

ताईने कागद पुढे केला. आबांनी पाहिला आणि ते मटकन खाली बसले. मामा आता काय करणार, हे दोघांना लख्ख दिसत होते. झाडीतल्या वळणाआधी ते सुलटा डोंगर बघणार, चढ आला म्हणून घोडे दामटणार आणि गिरणीचे दोन दगड घेऊन गाडी भर वेगात त्या उताराच्या तोंडाशी जाणार.

"दुपारपर्यंत तो तिथं पोहोचेल," आबा म्हणाले. "रस्त्यानं सत्तावीस मैल आहेत गं. तुला तो कसा गाठायचा?"

"रस्त्यानं जातंय कोण? हा पहिल्या पट्टीतला बाण बघा, वर. तिसरीतला बघा, खाली. म्हणजे रस्ता पूर्ण फिरून मागे आलाय, आबा. आणि हे झाड! नवव्या मैलाला टेकडीवर एकटं झाड काढलंय मी, डाव्या हाताला. सव्विसाव्या मैलापुढे पुन्हा टेकडीवर एकटं झाड, डाव्या हाताला. दोन झाडं नाहीत ती. एकच आहे!"

आबांनी दोन्ही झाडांवर बोटे ठेवून पाहिली. ते स्वतः दोन दिवस त्या टेकडीभोवती चाक ढकलत फिरले होते, पण माझ्यासारख्या सरळ कागदाने त्यांनाही चकवले होते. रस्ता टेकडीला वळसा घालून जात होता. टेकडी पायी ओलांडली तर सतरा मैलांचे चार मैल होणार होते.

आबांचे गुडघे सुजलेले होते.  त्यांनी आपले पायताण काढले आणि ताईपुढे ठेवले, कारण तिच्या पायताणाचा तळ गेलेला होता. ताईने शाईची कुपी आणि लेखणी कमरेला खोचली आणि निघाली. हे सगळे तिने नंतर सांगितले ते मामांना, पण मी त्यांच्या मांडीवर होतो, म्हणून मला माहीत.

त्या दिवशी सूर्य डोक्यावर यायच्या बेतात असताना मामांनी मला उघडले. "विहीर," ते म्हणाले. विहीर आली. "डोंगराआधी विहीर काढलीय. शहाणी पोर." त्यांनी घोडे सोडले, एकेकाला पोटभर पाणी पाजले, माना पुसल्या, थोडी वैरण टाकली. या सगळ्यात अर्धा तास गेला. मग गाडी जोडून पुन्हा माझ्यावर बोट ठेवले. "सुलटा. आणि केवढा मोठा! चला रे बाबांनो, आज दमानं नाही, आज जोरात." ज्या माणसाने जन्मात कुणाला घाई केली नव्हती, त्याने माझ्या शब्दावर चाबूक उचलला. घोडे दुडक्या चालीने निघाले. मागे गिरणीचे दगड खडखडू लागले. मी बंडीच्या खिशात होतो आणि मामांचे काळीज माझ्या पाठीवर ठोके देत होते. आनंदाने, मित्रांनो. नवा रस्ता जमला या आनंदाने.

गाडी झाडीत शिरली, तोच डाव्या हाताच्या टेकडीवरून कुणीतरी घसरत, ठेचकाळत खाली आले आणि भर रस्त्यात हात पसरून उभे राहिले. ती ताई होती. तिचे केस काट्यांनी विस्कटले होते, पायांतली आबांची पायताणे कधीच गळून पडली होती. तिच्या पाठीमागे शंभर पावलांवर वळण होते.

"थांबा मामा! थांबा!"

मामांनी सगळा जोर लावून लगाम ओढले. घोडे खिंकाळले, गाडी कलली, दगड दोराला हिसका देऊन थांबले. पुढच्या घोड्याचा श्वास ताईच्या तोंडावर आला, इतक्या जवळ.

"अगं ए! मरायचंय का तुला?"

"मला नाही, मामा, तुम्ही..." तिला धाप लागली होती. "पुढे चढ नाहीये. उतार आहे."

मामांनी मला बाहेर काढले आणि उलगडले. "हे बघ. डोंगर सुलटा आहे. तूच तर शिकवलंस."

"शिकवलं ते बरोबर आहे. छापलं ते चूक. चूक आमची आहे, मामा."

मामा खाली उतरले. दोघे चालत वळणापर्यंत गेली. मी मामांच्या हातात होतो, म्हणून मीही तो उतार पाहिला. आयुष्यात पहिल्यांदाच मी रस्ता पाहिला, रेघ नव्हे. जमीन जशी कुणी चाकूने तिरकी कापावी तशी खाली गेली होती आणि फार खोलवर ओढ्याचे पाणी चमकत होते. मामा एका दगडावर बसले.  मला तेव्हा इतकी लाज वाटली की वाऱ्याने उडून त्या दरीत गेलो असतो तर बरे झाले असते.

ताईच्याही मनात तेच असावे. "द्या इकडे," ती म्हणाली. "फाडून टाकते. दुसरा देईन तुम्हाला."

मामांनी मला छातीशी धरले. "फाडायचा कशाला? पूल खरा निघाला. चारही चढ खरे निघाले. विहीर खरी निघाली. त्या विहिरीपाशी थांबलो नसतो, तर तू यायच्या आधीच खाली गेलो असतो मी. एक चूक आहे ना, तेवढी दुरुस्त कर."

मग गिरणीच्या दगडावर मला पसरले आणि ताईने शाईची कुपी उघडली. छापील डोंगराच्या वरूनच तिने शाईने मोठा डोंगर काढला, शेंडा खाली.  शेंड्यापाशी शाईचा एक थेंब पडला आणि पसरला. तिने तो टिपायला पदर पुढे केला, तर मामा म्हणाले, "राहू दे तो. दमानं."

त्यांनी मागचे चाक साखळीने बांधले. गाडी चाक घासत, करकरत, धूर काढत उतरली आणि ताई मागून एकेक पाऊल टाकत आली. खाली ओढ्याशी पोहोचल्यावर मामांनी चाकावर पाणी ओतले, ते चर्र वाजले. मग ते म्हणाले, "आता ह्या कागदावर माझा दुप्पट भरवसा."

"का हो?"

"ह्याच्यात चूक झाली तर टेकडी ओलांडून सांगायला येणारी माणसं आहेत."

ताई तेव्हा रडली. उतारावर रडायला तिला वेळच मिळाला नव्हता.

पुढे कोरीवकाकांना कळले. ते दोन दिवस जेवले नाहीत. "मी तर तुझी चूक झाकतोय असंच समजत होतो गं," एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत. मग त्यांनी पत्र्याला मागून हातोडीने ठोकून तो डोंगर सपाट केला आणि तिथे ताईला शेजारी बसवून उलटा डोंगर कोरला. शिवाय खालच्या रिकाम्या कोपऱ्यात एक चौकट केली. तिच्यात एकेक खूण आणि तिचा अर्थ, तोही चित्राने. उलट्या डोंगराशेजारी साखळीने बांधलेले चाक. त्यानंतर छापलेल्या माझ्या भावंडांच्या अंगावर ती चौकट आहे. ती सगळी नीटनेटकी, बिनडागाची. माझ्यावर चौकट नाही, डाग आहे.

मामांनी मला बावीस वर्षे वापरले. घड्यांवर मी फाटलो तेव्हा त्यांच्या बायकोने मागून कापड चिकटवले. मामांचा मुलगा मला पाहून चढउतार शिकला, नात माझ्यावर बोट ठेवून एकसष्टपर्यंत आकडे शिकली. गाडीच्या आसाचे तेल माझ्या एका कोपऱ्याला लागले, ते गेलेच नाही. गावोगावचे गाडीवान मला बघायला मागत. ते सगळे आधी त्या शाईच्या डोंगरावर बोट ठेवत आणि मामा ती हकिगत सांगत. दर वेळी ताई जरा उंच व्हायची आणि घोडे जरा जास्त उधळलेले असायचे. मी काही बोलत नसे.

मग मामा गेले. हकिगत त्यांच्या मुलाला येत होती, त्याच्या मुलाला अर्धीमुर्धी, त्यापुढे कुणालाच नाही. रस्ते रुंद झाले, मैल जाऊन किलोमीटर आले, गाड्यांना घोडे लागेनात. नवे नकाशे निघाले, सगळीकडे उत्तर वरच असलेले. मला कुणी उघडेना. एका कपाटाच्या खणात तळाला मला अंथरले आणि माझ्यावर मोजे ठेवले. त्या अंधारात मी किती वर्षे होतो ते मला सांगता येत नाही, कारण तिथे टिंबे नव्हती. एका उंदराने माझा कोपरा खाल्ला. सुदैवाने तो शेवटच्या मैलाच्या पलीकडचा होता.

मला खणातून बाहेर काढले एका बस चालवणाऱ्या बाईने. मामांच्या पाचव्या की सहाव्या पिढीतली ती. आजीचे कपाट विकायला काढले, तेव्हा मी तिच्या हाती लागलो. तिला माझी हकिगत ठाऊक नव्हती, पण तिने मला फेकले नाही. पुठ्ठ्यात घालून, जेवणाच्या सुट्टीत, खाकी गणवेशातच ती मला जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे घेऊन आली.

काकांची खोली स्वच्छ उजेडाची होती. पाण्याचे पसरट ट्रे, मऊ कुंचले, टिपकागद. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मला भिंगातून पाहिले आणि खूश झाले.

"वा! कोपरा भरून देतो, घड्या सांधतो, तेल बरंचसं निघेल. आणि हा शाईचा डागही काढतो. बघा, कुणीतरी पोरानं वरून काहीतरी गिरबटलंय. खाली छापलेला डोंगर किती सुरेख आहे, तो मोकळा होईल."

मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे कागदाच्या अंगावर जेवढा येतो तेवढा. हे काका अगदी कोरीवकाकांसारखेच प्रेमळ होते. तेही कुणाची तरी चूक झाकायला निघाले होते. ताईच्या लेखणीचा थेंब, मामांनी थांबवलेला पदर, सगळे एका कुंचल्याने धुऊन जाणार होते आणि माझ्या अंगावर ते जुने खोटे तेवढे उरणार होते. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. काकांनी कुंचला पाण्यात बुडवला.

"एक मिनिट, काका," बसवाली म्हणाली.

ती माझ्यावर वाकली. तिने वेशीवर बोट ठेवले आणि तळापासून वर चालू लागली. तिला कुणी सांगितले नव्हते. "हा दगडी पूल. अजून आहे. हा चढ, दुसऱ्या गिअरला घ्यावा लागतो. हा चढ. टेकडीवरचं झाड, ते आता नाही. हा चढ. हा चढ. ही विहीर, इथं आता आमचा थांबा आहे." तिचे बोट शाईच्या डोंगरावर आले आणि थांबले. तिने मान वाकडी केली. मग पुन्हा मागचे चार डोंगर पाहिले.

"काका, हे चारही मी चढते आणि चारही सुलटे आहेत. पाचवा मी उतरते. रोज तीनदा." तिने काकांचा हात अलगद बाजूला केला. "खाली छापलेला डोंगर चूक आहे. वरचा बरोबर आहे. डाग नाही हा. उतार आहे."

काकांनी पुन्हा भिंग लावले. बराच वेळ पाहिले. "असं होय," ते हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी कुंचला खाली ठेवला.

शंभरात दोघांना वाचता येत होते त्या काळात, एकही अक्षर न लिहिता, एका मुलीने काढलेली खूण एका दुसऱ्या मुलीने एवढ्या वर्षांनी वाचली, तीही कुणी न शिकवता. त्या क्षणी माझ्या जिवात जीव आला. ताई त्या खोलीत हवी होती, असे मला फार वाटले.

आता मी काचेमागे आहे, बसच्या आगारात, चालकांच्या खोलीत. माझा कोपरा भरला आहे, घड्या सांधल्या आहेत. शाईचा डोंगर आणि त्याचा ओघळलेला थेंब जिथल्या तिथे आहेत. नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येक चालकाला बसवाली माझ्यासमोर उभे करते आणि तळापासून वर वाचायला लावते.

मित्रांनो, जुन्या कागदांना जपा. त्यांना ओल लागू देऊ नका, उंदरांपासून सांभाळा. पण त्यांच्यावर कुणी खोडले असेल, दुरुस्त केले असेल, तर ते सुंदर दिसावे म्हणून पुसू नका. आधी तळापासून वर वाचून बघा. आणि तुम्ही कुणाला वाट दाखवलीत आणि ती चुकीची होती असे तुमच्या ध्यानात आले, तर खाली बसून राहू नका. दोन्ही पट्ट्यांतले बाण पाहा, जवळची वाट शोधा आणि पळत सुटा. तो माणूस अजून विहिरीपाशी घोड्यांना पाणी पाजत असेल.